तुसाचा ग्रह

दसरा उलटला की माझी मान आपोआप वर जाते, आणि वर गेली की मी ती लगेच खाली घालते. ही माझी दरवर्षीची कवायत. पाऊस गेला हे इतरांना दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून कळतं, मला मानेवरून कळतं. चार महिने डोक्यावर ओल्या गोधडीसारखं पडलेलं आभाळ एका संध्याकाळी कुणीतरी उचलून नेतं आणि नवीन पनवेलच्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून प्रबळगडाची कड स्वच्छ दिसायला लागते. शेजारच्या बाई म्हणतात, "काय सुंदर हवा पडलीये ना!" मी हो म्हणते आणि आत येऊन कांदा चिरायला घेते. सुंदर हवेचा मला धसका आहे.

यंदा त्या धसक्यात भर पडली. ज्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलं, तिथे गच्चीवर दुर्बिणीसाठी खोली बांधली आहे आणि तिला सरांचं नाव द्यायचं ठरलं आहे. त्यानिमित्त एक पुस्तिका निघते आहे. मसुदा माझ्याकडे आला. "मॅडम, सरांबरोबर तुम्हीच काम केलंय. छापायच्या आधी एकदा नजर टाका." नजर टाकली. पहिली तीन पानं छान होती. चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'सरांना एका दूरच्या ग्रहाची चाहूल लागली होती. परंतु वयोमानामुळे हात साथ देईनासा झाल्याने ते निरीक्षण सदोष ठरले.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. लिहिणाऱ्या मुलाचा काही दोष नाही, सर स्वतःच सगळ्यांना हेच सांगत असत. पण सरांच्या हाताने शेवटपर्यंत उत्तम साथ दिली होती. साथ दिली नव्हती ती मी.

सर मूळचे पनवेलचे. तीस वर्षं दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेत नोकरी करून निवृत्त झाले आणि वडाळे तळ्याजवळच्या आपल्या घरी परत आले. निवृत्त खगोलशास्त्रज्ञाने काय करावं? सकाळी तळ्याला फेऱ्या माराव्यात, गणेशोत्सवात ग्रहणावर भाषण द्यावं. सरांनी तेही केलं. पण त्याच सुमाराला जगात दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडायला लागले होते आणि सर हळहळत. "मी घरी बसलो आणि खरी गंमत सुरू झाली बघ," म्हणत. मग त्यांनी स्वतःच्या हाताने घासलेला आरसा बाहेर काढला, नेरे गावाच्या पुढे हिराजीदादा नावाच्या शेतकऱ्याच्या भातशेताच्या कडेला पत्र्याची एक खोली उभी केली, तिचं छप्पर रुळांवर सरकेल असं करून घेतलं, आणि कॉलेजात येऊन विचारलं, "संध्याकाळी दोन तास देईल असं कुणी आहे का?"

मी हात वर केला. तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. वय मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते पोरवयात केलं अशी सवलत मला नको आहे.

दूरचा ग्रह कुणालाच दिसत नाही. हे ऐकून माझा पहिल्यांदा विरसच झाला होता. दिसतो तो फक्त त्याचा तारा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दोन-तीन तास ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो. किती? शंभरातला एक भाग. "मारुतीच्या देवळातल्या दिव्यासमोरून चिलट गेलं, ते आपल्याला इथे बसून कळायला हवं," सर सांगत. म्हणजे शोधायचा असतो तो उजेडातला उणेपणा. आणि उणेपणा मोजायचा तर आधी आपल्या काचा किती स्वच्छ आहेत हे माहीत असावं लागतं.

त्यासाठी होतं 'कोरं आकाश'. हा सरांचा शब्द. सूर्य बुडाल्यावर आणि पहिली चांदणी उमटायच्या आत जी पंधरा-वीस मिनिटं असतात, तेवढ्यात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बसवायचं आणि काही नसलेल्या आकाशाचे फोटो घ्यायचे. त्या फोटोत तारे नसतात, असतात ते आपलेच दोष. कॅमेऱ्याच्या काचेवर कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे कडेला अंधारी आलीये. रात्रीच्या फोटोंतून ते दोष हिशेबाने काढून टाकले की ताऱ्याचा खरा उजेड उरतो. कण रोज हलतात, म्हणून कोरं आकाश रोज ताजं घ्यायचं. सर जेवून आठ वाजता येत, रात्र त्यांची असे. संध्याकाळ माझी. कापड होतं काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, जुन्या पांढऱ्या मलमलच्या साडीचं, आणि ते पायजम्याच्या नाडीने बांधायचं. सुरकुती चालायची नाही. म्हणून काकू दर रविवारी त्याला इस्त्री करून घडी पिशवीत घालून देत. "तुमच्या सरांचे शर्ट चुरगळलेले चालतात, हे फडकं नाही," त्या हसत म्हणत.

त्या मोसमातल्या संध्याकाळी अजून माझ्या नाकात आहेत. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालेलं, उशिराचं गरवं अजून उभं. रिक्षातून उतरलं की पेंढ्याचा गोडसर वास यायचा आणि त्यात खाडीकडून आलेल्या वाऱ्याचा ओलावा. दिवसभर ऑक्टोबरचं ऊन पाठीत बसायचं आणि सूर्य टेकला की बांधावरून एकदम गारवा सुटायचा. हिराजीदादांच्या खळ्यावर झोडणी चालू असे. भाताची जुडी फळीवर आपटल्याचा धप्प धप्प आवाज आणि आभाळभर उडणारं तूस. सोनेरी दिसायचं ते उन्हात. केसांत, कॉलरीत, चहाच्या पेल्यात, सगळीकडे तूस. घरी आल्यावर मान खाजवून लाल व्हायची. रात्री खळ्यावर दिवा लावायचा असेल तर हिराजीदादा आधी खोलीपाशी येऊन सरांना विचारत.

"सर, आज दिवा लावू का नको?"

"आज नको हो हिराजी. आज तारा चांगला वर आहे."

"बरं, नाय लावत. आमी अंधारात भारे मोजू," ते हसायचे. "पन तुमी रोज रोज तोच तारा बगता, तो काय पलून जानार हाय का?"

"तो नाही पळणार. त्याच्या पुढून कुणी गेलं तर बघायचंय."

"म्हंजे आमच्यासारकंच. पीक राखायचं," हिराजीदादा म्हणत. सरांना ही उपमा इतकी आवडली होती की नंतर भाषणात ते ती हिराजीदादांचं नाव घेऊन सांगत.

पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण ती मिनिटं सूर्य ठरवायचा. त्या संपूर्ण मोसमात माझी एकही संध्याकाळ माझी नव्हती. हे मी तेव्हा स्वतःला फार सुनावत असे. मी त्याग करत होते म्हणे! वास्तविक मला कुणी बांधून नेलं नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आली होती. आमच्या सोसायटीत दिवाळी पहाटेचा कार्यक्रम बसत होता आणि मला दोन गाणी मिळाली होती. तालमीला मी सारखी उशिरा पोचायचे, म्हणून त्यातलं एक गाणं बी विंगमधल्या एका बाईंना द्यावं अशी कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी तालीम बरोबर सहाला होती. मी दुपारीच नेऱ्याला गेले. सरांनी आदल्या दिवशी कॅमेरा काढून काच रबरी फुंकणीने साफ करायला सांगितलं होतं, ते केलं. कॅमेरा परत बसवला. बाहेर झोडणी चालली होती आणि दार उघडं होतं. पाच वाजले. सूर्य अजून हातभर वर. मी घड्याळाकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि आदल्या संध्याकाळचं कोरं आकाश उचलून त्या दिवसाच्या कप्प्यात टाकलं. पांढऱ्या कापडाची घडीसुद्धा मोडली नाही. वहीत लिहिलं, 'कोरं आकाश – घेतलं.' खाली सही.

वाटेत सरांचा फोन आला. "कोरं घेतलंस ना गं?"

"हो सर."

एवढंच. दोन शब्द. दोन्ही गाणी मलाच मिळाली आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्यातलं एक गाणं आजही कुठे रेडिओवर लागलं तर मी बटण फिरवते.

त्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला घरी बोलावलं. दार उघडलं तेच सरांनी, काकूंनी नाही. पायात चपला वेगवेगळ्या. टेबलावर आलेखाचा कागद होता आणि त्यावर ठिपक्यांची एक सरळ रांग चालत चालत एका जागी खाली उतरून, थोडी तशीच जाऊन पुन्हा वर आली होती. सव्वादोन तासांचा खड्डा. शंभरातला एक भाग.

"बघ," सर म्हणाले. मग आत वळून ओरडले, "अहो, हिला लाडू द्या. पहिला लाडू हिला द्या. कोरं हिचंय!"

मी लाडू खाल्ला. तोपर्यंत मला काहीही शंका नव्हती, हे देवाशपथ खरं. शंका आली ती संध्याकाळी, त्या दिवशीचं खरं कोरं आकाश घेताना. पडद्यावर करड्या आकाशात, मध्याच्या जरा डावीकडे, एक पुसट, जरा काळपट गोल डाग होता. आधीच्या फोटोंत तो नव्हता. काच साफ करून कॅमेरा परत बसवताना उघड्या दारातून आत आलेलं तूस. आणि त्या रात्री दुर्बीण फिरवणारी मोटर विजेच्या कमी दाबामुळे बंद पडली होती, सर चाकाला हात लावून स्वतः तारा धरून ठेवत होते. हाताने धरलेला तारा फोटोत थोडा इकडेतिकडे सरकतोच. तो सरकत सरकत त्या डागावर गेला आणि दोन तासांनी डागाखालून निघाला. त्या संध्याकाळी मी कोरं आकाश घेतलं असतं, तर डाग त्यात दिसला असता आणि हिशेबात पुसला गेला असता. सरांचा ग्रह म्हणजे हिराजीदादांच्या भाताचं तूस होतं.

मी त्याच क्षणी फोन करायला हवा होता. नंबर तोंडपाठ होता. मी उद्यावर टाकलं. उद्या गेले तर सरांनी वेधशाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना आणि परदेशातल्या दोघातिघांना आधीच कळवलं होतं. "आता सगळे मिळून पहारा देऊ," सर म्हणाले आणि असे हसले की मी नुसती मान डोलावून परत आले. मग दिवाळी होती. मग उशीर झाला होता. खोटं बोलायला एक क्षण लागतो, आणि ते परत घ्यायला दर दिवशी आणखी थोडा जास्त वेळ लागत जातो, हे मला त्या दिवाळीत कळलं.

लोकांनी महिनाभर त्या ताऱ्यावर आपापल्या दुर्बिणी लावल्या. कुणाला काही दिसलं नाही. कुणी अपमान केला नाही, या क्षेत्रातले लोक सभ्य असतात. एकाने फक्त नम्रपणे विचारलं की त्या रात्री मोटर चालू होती का. सरांनी वही उघडली, मोटर बंद असल्याची स्वतःची नोंद वाचली आणि उजवा हात टेबलावर ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी समोर होते.

"हात थरथरला असणार, वैजयंती. मला कळलंच नाही. कळत नाही हेच तर वय झाल्याचं लक्षण."

"सर, कदाचित दुसरं काही..." मी सुरुवात केली.

"दुसरं काय असणार? बाकीचं सगळं तर तू बघितलंस," ते म्हणाले.

त्या कप्प्यातली एक फाइल जरी त्यांनी उघडली असती, तरी आतली तारीख दिसली असती. त्यांनी उघडली नाही, कारण खाली माझी सही होती. मी अजूनही कधी कधी त्यांच्यावरच चिडते, की का नाही पाहिलंत? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

सरांनी सगळ्यांना पत्र पाठवून आपली चूक कळवली. त्यानंतर ते नेऱ्याला चार-सहा वेळा आले असतील, पण चाकाला हात लावताना बिचकायचे. एका संध्याकाळी हिराजीदादा नेहमीसारखे विचारायला आले. "सर, आज दिवा लावू का नको?"

"लावा. जळू दे," सर म्हणाले.

हिराजीदादा सर गेल्यावर मला म्हणाले, "ताई, सरांना काय झाला? बरा नाय का त्यांना?" मी म्हटलं, बरं आहे.

पुढल्या मोसमात खोली उघडलीच नाही. मोटर नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "मोटर नवीन येईल गं." छप्पर गंजून रुळांना चिकटलं. आता तिथे कुणाचं तरी फार्महाऊस आहे, रंगीत दिवे आहेत, आणि कळंबोलीच्या बाजूचं आभाळ तर रात्रभर गाजराच्या रंगाचं असतं. विमानतळाकडची विमानं इतकी खाली येतात की मुलं त्यांनाच ग्रह म्हणतात. त्या आभाळात आज सरांना तसंही काही सापडलं नसतं, अशी समजूत मी स्वतःची घालून बघते. पण तेव्हाचं आभाळ काळं होतं. ती काळी आभाळं मी त्यांच्याकडून काढून घेतली.

नंतर सर आठ वर्षं होते. मी अधूनमधून भेटायला जायचे, म्हणजे जायला लागायचं. ते नवे ग्रह सापडल्याच्या बातम्या कापून ठेवत आणि मला दाखवत. शेकड्यांनी सापडत होते. ते लहान मुलासारखे खूश होत, आणि ते खूश झाले की मला तिथून पळून जावंसं वाटे. काकू चहा आणत. सरांच्या कपात नेहमी अर्धाच चहा असे. साखरेचं पथ्य असेल, असं मी धरून चालले.

तर त्या चौथ्या पानावरचं वाक्य. मी ते लाल पेनने खोडलं असतं आणि 'अनवधानाने' वगैरे काही गुळमुळीत लिहून मोकळी झाले असते, तर कुणी विचारलं नसतं. पेन उचललंही होतं. पण सरांची एक पद्धत होती, तिने हात धरला. वहीत चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं. खाली ज्याची चूक त्याची सही. "चूक दिसली पाहिजे, वैजयंती. लपवलेल्या चुकीची बेरीज पुढे चालू राहते," ते म्हणत.

वह्या काकूंकडे होत्या. गेल्या रविवारी दुपारी मी गेले. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र आहे, पण बाकी ताठ. मला वाटलं होतं पुस्तिकेपासून सुरुवात करावी, मग हळूहळू विषयाकडे यावं. प्रत्यक्षात मी चप्पल काढता काढताच सांगायला लागले आणि एका दमात सांगून टाकलं. तालीम, घडी न मोडलेलं कापड, तूस, लाडू. सरांचा हात थरथरला नव्हता हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. त्यांना ऐकू आलं होतं.

त्या उठल्या, कपाटातून ती वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. माझी नोंद होती तिथेच. आणि पुढच्या पानावर सरांची: 'ता. क. – हात थरथरल्यामुळे हे निरीक्षण रद्द. चूक माझी.' खाली सही.

मी ती ओळ बघत राहिले. इतकी वर्षं ती माझ्या नजरेला पडली नव्हती, किंवा मी पडू दिली नव्हती. अक्षर छापल्यासारखं. एकाही काना-मात्रेला थरथर नाही. या अक्षराकडे नुसतं नीट पाहिलं असतं तरी कुणाच्याही लक्षात आलं असतं की हा हात बरा आहे.

"लिही," काकू म्हणाल्या. "त्यांच्या पद्धतीने."

मी माझ्या नोंदीवर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'घेतलं नाही. आदल्या दिवसाचं ठेवलं. खोटं सांगितलं.' मग सरांच्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'हात थरथरला नव्हता. चूक माझी.' सही केली, त्या रविवारची तारीख घातली. माझी रेघ वाकडीतिकडी आली. पुस्तिकेतही हेच जाईल, माझ्या नावासकट. मी ते पुस्तिका लिहिणाऱ्या मुलाला कळवलं आहे. तो म्हणाला, मॅडम, कशाला, कुणाला कळणारे? मी म्हटलं, छाप.

काकूंनी वही जवळ ओढली आणि चष्मा वर-खाली करत दोन्ही ओळी वाचल्या. शाई ओली होती, तिला हात लागू दिला नाही. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं.

"म्हणजे हात चांगला होता," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

खिडकीबाहेर तळ्यावर ऊन होतं, धुतलेलं, पावसानंतरचं.

"सांडेल म्हणून आठ वर्षं मी त्यांचा कप अर्धाच भरला," त्या म्हणाल्या. "ते काही बोलायचे नाहीत. अजून हवा म्हणून मागायचेही नाहीत."